गांजाच्या झाडातील जननी-द्रव्य

गांजा हा शब्द आपल्याकडे चारचौघांत मोठ्याने उच्चारण्याची पद्धत नाही. तो उच्चारला की डोळ्यांपुढे चिलीम येते, तारवटलेले डोळे येतात, एखाद्या पडक्या देवळाच्या ओवरीत बसलेले टोळके येते. महाशिवरात्रीला किंवा होळीला भांगेचा पेला घेणाऱ्याकडे समाज थोड्या कौतुकाने पाहतो. गांजा ओढणाऱ्याच्या वाट्याला ते कौतुक येत नाही. असे असता वसंत ऋतूतील एका प्रसन्न संध्याकाळी, सुशिक्षित नागरिकांच्या सभेत, ह्याच झाडावर तासभर बोलावयाचे आम्ही का ठरविले, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे कारण एक लहानशी बाटली आहे.

आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना आपण येथे नानासाहेब म्हणू. वय सत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखतात, झोप तुटक लागते आणि रक्तदाबाची गोळी गेली बारा वर्षे चालू आहे. एके दिवशी ते परदेशातून कोणी आणून दिलेली एक बाटली घेऊन आमच्याकडे आले. बाटलीवर 'सी. बी. जी.' ही तीन इंग्रजी अक्षरे ठळक छापलेली. खाली बारीक अक्षरांत सांधेदुखी, चिंता, निद्रानाश, पोटाचे विकार आणि त्वचेचे विकार अशी लांबलचक यादी. आणि शेवटी हे आश्वासन, की द्रव्य गांजाच्या झाडातले असले तरी त्याने नशा येत नाही. नानासाहेबांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "हे घेऊ का?" आणि दुसरा, "हे लागू पडले तर रक्तदाबाची गोळी सोडली तर चालेल ना?"

दुसरा प्रश्न ऐकून आम्ही चपापलो. आमचा धंदा वैद्यकीचा नव्हे. रसायनशास्त्र शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून आम्ही म्हटले, "नानासाहेब, गोळीला हात लावू नका, बाटलीचे बूच उघडू नका, आणि आम्हाला चार दिवस द्या." त्या चार दिवसांचे चार महिने झाले. त्या वाचनातून जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

झाड एक, द्रव्ये अनेक

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे नव्हेत. कॅनाबिस सटायव्हा ह्या एकाच झाडाची पाने म्हणजे भांग, मादी झाडाच्या फुलांचे तुरे म्हणजे गांजा आणि त्या तुऱ्यांवर सुटणारा चिकट राळेसारखा पदार्थ म्हणजे चरस. भिंगातून पाहिले तर फुलांच्या तुऱ्यावर टाचणीच्या डोक्यासारख्या असंख्य सूक्ष्म ग्रंथी दिसतात. झाडाचे सारे रसायन मुख्यतः ह्या ग्रंथींत चालते. तेथे तयार होणाऱ्या एका विशिष्ट घराण्यातील द्रव्यांना कॅनाबिनॉइड असे नाव आहे, आणि अशी शंभराहून अधिक द्रव्ये आजवर नोंदली गेली आहेत. नशा आणणारे मुख्य द्रव्य त्यांतले एकच, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टी. एच. सी. दुसरे प्रसिद्ध द्रव्य कॅनाबिडिऑल, म्हणजे सी. बी. डी. ते नशा आणीत नाही. नानासाहेबांच्या बाटलीतले तिसरे, त्याचे पूर्ण नाव कॅनाबिजेरॉल.

ह्या झाडाचा औषधी उपयोग आपल्या देशाला नवा नाही. शार्ङ्गधरसंहितेत भांगेचे नाव अफूच्या जोडीने आले आहे; पचण्यापूर्वीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून. आधुनिक वैद्यकाला ह्या झाडाची ओळख झाली तीही आपल्याच भूमीवर. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी ह्या आयरिश डॉक्टराने १८३९ साली तेथील वैद्यक-मंडळापुढे एक निबंध वाचला. त्याने गांजाचा अर्क प्रथम प्राण्यांना देऊन पाहिला आणि मगच धनुर्वात, संधिवात, पटकी अशा रोगांनी पीडित माणसांना दिला. अवघ्या चाळीस दिवसांच्या एका बालिकेचे आचके ह्या अर्काने थांबल्याचे त्याने नोंदविले आहे. त्याचा निबंध युरोपात पोहोचला आणि पुढे अनेक वर्षे गांजाचा अर्क तेथील औषधालयांत विकला जाऊ लागला.

मग तो मागे का पडला? त्याचे एक मोठे कारण असे, की एका बाटलीतला अर्क जोरकस निघे, तर दुसऱ्या बाटलीतला निर्जीव. वैद्याने वीस थेंब लिहून दिले, तर त्या वीस थेंबांत काय आणि किती आहे हे त्यालाच ठाऊक नसे. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे झाले होते. कोकेनही १८६० च्या सुमारास शुद्ध स्वरूपात मिळाले. ही द्रव्ये नत्रयुक्त असल्यामुळे आम्लाशी त्यांचे क्षार बनतात आणि स्फटिकरूपाने ती हाती लागतात. गांजातील द्रव्यांत नत्र नाही. ती तेलकट आणि चिकट असून एकमेकांत अशी मिसळलेली असतात, की एकाला ओढावे तर चौघे बरोबर येतात. त्यामुळे हे कोडे सुटावयास तब्बल शतकाहून अधिक काळ लागला.

१८९० नंतरच्या दशकात केंब्रिज येथे कॅनाबिनॉल नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले; परंतु ते जुन्या मालात टी. एच. सी. विघटित होऊन बनणारे होते. १९४० साली अमेरिकेत रॉजर ॲडम्स ह्यांनी सी. बी. डी. वेगळे केले. निर्णायक काम झाले ते इस्राएलमध्ये. रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलम हे तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांना संशोधनासाठी चरस हवा होता. पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो लेबनानी चरस त्यांनी तेल अवीवच्या पोलिसांकडून मागून घेतला आणि साध्या प्रवासी बसमधून प्रयोगशाळेत आणला. बसमधल्या उतारूंना तो वास कसला असा प्रश्न पडला होता, असे ते पुढे गमतीने सांगत. १९६३ मध्ये मेशुलम आणि श्वो ह्यांनी सी. बी. डी.ची रचना उलगडली. १९६४ मध्ये मेशुलम आणि येहिएल गाओनी ह्यांनी टी. एच. सी. शुद्ध स्वरूपात मिळवून त्याची रचना जाहीर केली, आणि त्याच वर्षी त्यांनी आणखी एका नव्या द्रव्याचीही रचना प्रसिद्ध केली. ते द्रव्य म्हणजे कॅनाबिजेरॉल.

एकाच वर्षी एकाच प्रयोगशाळेतून दोन द्रव्ये जगापुढे आली. त्यानंतर माकडांना वेगवेगळे घटक देऊन पाहिले असता नशेचा गुण टी. एच. सी.पाशी आहे असे दिसून आले. साहजिकच जगाचे लक्ष तिकडे वळले. कॅनाबिजेरॉलने काहीच चमत्कार दाखविला नाही; आणि जो चमत्कार दाखवीत नाही त्याच्याकडे कोण पाहणार? ते पुस्तकांच्या तळटीपांत जाऊन बसले.

आई आणि तिची मुले

रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र ह्या घराण्यात ज्येष्ठ मान कॅनाबिजेरॉलचाच आहे. झाडाच्या ग्रंथीत दोन तुकडे जोडले जातात. एक ऑलिव्हेटोलिक आम्ल, आणि दुसरा दहा कर्ब-अणूंचा जेरानिल नावाचा गट. ह्या दुसऱ्या तुकड्याचे भावंड आपल्या ओळखीचे आहे. खानदेशात ज्या रोशा गवताचे सुगंधी तेल काढीत, त्या तेलाचा मुख्य घटक जेरानिऑल. गुलाबाच्या वासातही तो असतो. 'कॅनाबिजेरॉल' ह्या नावातला 'जेर' त्याचीच आठवण करून देतो. हे दोन तुकडे जोडून जे आम्ल बनते ते कॅनाबिजेरॉलिक आम्ल. पुढे झाडातील निरनिराळी विकरे त्याच आम्लाला निरनिराळे वळण देतात. एक विकर त्यापासून टी. एच. सी.चे आम्ल घडविते, दुसरे सी. बी. डी.चे, तिसरे कॅनाबिक्रोमीन नावाच्या द्रव्याचे. उष्णता लागली की ह्या आम्लांतून कर्बद्विप्राणिल वायू निघून जातो आणि मूळ द्रव्ये मोकळी होतात. म्हणून ह्या द्रव्याला घराण्याची जननी म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

परंतु ही आई मुलांसाठी सर्वस्व वेचणारी आहे. घरात शेरभर दूध यावे, त्यातल्या काहीचे दही लागावे, काहीचा खवा आटावा आणि संध्याकाळी पातेल्याच्या तळाशी पळीभर दूध उरावे, तसा हा प्रकार. पक्व फुलात कॅनाबिजेरॉल उरते ते साधारणतः शेकडा एकाहूनही कमी. इतके थोडे द्रव्य वेगळे काढून त्यावर प्रयोग करावयाचे म्हणजे खर्चाचे काम. त्याचा अभ्यास मागे पडण्याचे हेही एक व्यावहारिक कारण होते. १९८७ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना अशी काही झाडे आढळली, की ज्यांत कॅनाबिजेरॉलच मुख्य होते. त्यांच्या अंगी पुढचे रूपांतर करणारे विकरच कामाचे नव्हते. विरजणच नसेल तर दूध दूधच राहणार! अशा वाणांची पैदास होऊ लागल्यावर हे द्रव्य मुबलक झाले, आणि बाटल्यांत भरून विकणेही शक्य झाले. आमच्या दाराशी बाटली आली ती ह्या मार्गाने.

नशा का येत नाही?

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म कुलुपे असतात. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात. योग्य किल्ली बसली की कुलूप फिरते आणि पेशीच्या आत एक काम सुरू होते किंवा थांबते. टी. एच. सी. ज्या कुलपात बसते, ते मेंदूतील कुलूप १९८८ साली अमेरिकेत सापडले. त्याला सी. बी. १ असे नाव पडले. आता निसर्गाने मेंदूत हे कुलूप गांजा ओढणाऱ्यांच्या सोयीसाठी तर बसविले नसणार! तेव्हा शरीराची स्वतःची किल्ली कोठे तरी असली पाहिजे. १९९२ मध्ये जेरुसलेम येथे मेशुलम ह्यांच्याच सहकाऱ्यांना ती डुकराच्या मेंदूत सापडली, आणि तिचे नाव त्यांनी ठेवले 'आनंदमाइड'. संस्कृतातील 'आनंद' हा शब्द घेऊन त्यांनी हे नाव बनविले. आपल्या उपनिषदांतला शब्द जगातल्या प्रत्येक जीवरसायनाच्या पुस्तकात असा जाऊन बसला आहे.

कॅनाबिजेरॉल सी. बी. १ ह्या कुलपात नीट बसत नाही. बसलेच तर फार ढिले बसते. म्हणून झिंग येत नाही. परंतु येथेच एक मोठा घोटाळा होतो. 'झिंग आणीत नाही' ह्याचा अर्थ 'शरीरावर किंवा मनावर परिणामच करीत नाही' असा मुळीच नव्हे. २०१० मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील संशोधकांनी दाखविले, की हे द्रव्य आल्फा-२ नावाचे दुसरेच एक कुलूप जोराने फिरविते. ह्या कुलपाचा संबंध आहे नॉरॲड्रेनॅलिनशी, म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्या ताणणाऱ्या द्रव्याशी. रक्तदाब उतरविणारे क्लोनिडीन हे औषध ह्याच कुलपावर काम करते. प्रयोगनळीत कुलूप फिरले म्हणजे बाटलीतल्या थेंबांनी रक्तदाब उतरेलच असे नव्हे. परंतु ज्याला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते, त्याने हे द्रव्य 'वनस्पतीचे आहे, अपाय काय होणार' असे समजून गोळीच्या जोडीने घ्यावे, हे धोक्याचे आहे. आणि गोळी सोडून त्याच्या भरवशावर राहावे, हे त्याहून धोक्याचे. नानासाहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाने आम्ही का चपापलो, ते आता ध्यानात यावे.

पुराव्याच्या चार पायऱ्या

कोणत्याही द्रव्याला औषध ही पदवी मिळावयाची तर त्याला चार पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी काचेच्या तबकडीची, दुसरी उंदरा-घुशींची, तिसरी निरोगी माणसाची आणि चौथी रोगी माणसाची. कॅनाबिजेरॉल ह्यांपैकी कोणत्या पायरीवर उभे आहे?

पहिल्या पायरीवरची त्याची कामगिरी खरोखर लक्षणीय आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जंतूची एक जात अशी माजली आहे, की मेथिसिलिनसारख्या प्रतिजैविकांना ती दाद देत नाही. रुग्णालयांतून तिने धुमाकूळ घातला आहे. २००८ मध्ये इटली आणि इंग्लंडमधील संशोधकांनी गांजातील पाच द्रव्ये ह्या जंतूवर परिणामकारक असल्याचे दाखविले. त्यांत कॅनाबिजेरॉल होते. २०२० मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी त्यापुढे जाऊन जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांवरही त्याचा गुण दिसल्याचे प्रसिद्ध केले. दुहेरी आवरणाच्या जंतूंवर ते एकटे चालले नाही. परंतु दुसऱ्या एका औषधाने बाहेरचे आवरण सैल केल्यावर तेथेही चालले. प्रतिजैविके निकामी होत चाललेल्या ह्या काळात ही बातमी आशेची आहे, ह्यात शंका नाही.

दुसऱ्या पायरीवरही बरेच काम झाले आहे. २०१३ मध्ये नेपल्स येथे, मोठ्या आतड्याला कृत्रिम रीतीने दाह उत्पन्न केलेल्या उंदरांत ह्या द्रव्याने दाह कमी झाला. २०१५ मध्ये माद्रिद येथे, हंटिंग्टन ह्या मेंदूच्या आनुवंशिक रोगाच्या प्राणि-नमुन्यांत मज्जापेशींना थोडे संरक्षण मिळाल्याचे आढळले. २०१६ मध्ये इंग्लंडमधील रीडिंग येथे, पोट भरलेल्या घुशींनीही हे द्रव्य दिल्यावर पुन्हा अन्नाकडे धाव घेतली; म्हणजे भूक वाढली. रोगाने किंवा औषधांनी अन्नावरची वासना गेलेल्या माणसासाठी ह्याचे महत्त्व सांगावयास नको.

पण ह्या शेवटच्या प्रयोगातील मात्रा पाहा. भूक वाढली ती शरीराच्या दर किलोमागे १२० ते २४० मिलिग्रॅम दिल्यावर. लहान प्राण्याचे शरीर औषध झपाट्याने जाळते, म्हणून घुशीची मात्रा माणसाला लावताना मोठी वजावट करावी लागते. ती वजावट करूनही साठ किलो वजनाच्या माणसाला हजार मिलिग्रॅमहून अधिक द्रव्य लागेल असा हिशेब निघतो. नानासाहेबांच्या बाटलीवर रोजची मात्रा लिहिली होती वीस मिलिग्रॅम! तात्पर्य, प्रयोग एका मात्रेचा आणि जाहिरात दुसऱ्या मात्रेची, असा हा मामला आहे.

आणखी एक प्रयोग फार बोलका आहे. सी. बी. डी.ने प्राण्यांची मळमळ कमी होते असे दिसले होते. तेव्हा कॅनाबिजेरॉल जोडीला दिले तर गुण दुप्पट होईल, असे कोणालाही वाटेल. २०११ मध्ये कॅनडात असा प्रयोग झाला आणि निकाल नेमका उलटा निघाला. आधी दिलेल्या कॅनाबिजेरॉलने सी. बी. डी.चा तो गुण पुसून टाकला. ही दोन्ही द्रव्ये शरीरातील एकाच कुलपाला विरुद्ध दिशांनी फिरवितात. 'झाडातली सगळी द्रव्ये एकत्र घ्यावी, ती एकमेकांना साहाय्य करतात' असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला हे चांगले उत्तर आहे. एकाच घरातली माणसे नेहमी एकमेकांना साहाय्यच करतात, असा अनुभव आपल्यापैकी किती जणांचा आहे?

तिसऱ्या पायरीवर अलीकडेच पाऊल पडले. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौतीस निरोगी प्रौढांना एकदा वीस मिलिग्रॅम कॅनाबिजेरॉल आणि एकदा तसेच दिसणारे, पण औषध नसलेले थेंब देण्यात आले. केव्हा काय दिले, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि नोंद करणाऱ्यालाही नव्हते. कॅनाबिजेरॉल घेतले असता चिंतेची भावना अधिक उतरली, शब्द लक्षात ठेवण्याची शक्ती किंचित सुधारली आणि नशेची लक्षणे दिसली नाहीत. प्रयोग प्रामाणिक आणि शिस्तीचा आहे. पण माणसे चौतीसच. तीही पूर्वी गांजा वापरलेली. मात्रा एकच वेळ घेतलेली. आणि कोणी रोगी नव्हते. सत्तरी उलटलेल्या, गोळ्या चालू असलेल्या माणसाने सहा महिने हे थेंब घेतले तर काय होईल, ह्याविषयी हा प्रयोग काहीच सांगत नाही. आणि चौथ्या पायरीवर, म्हणजे रोग्यांच्या मोठ्या समुदायावरील काटेकोर परीक्षेत उतरून एखाद्या रोगावरचे औषध अशी मान्यता कॅनाबिजेरॉलने अद्याप मिळविलेली नाही.

मुलाने चढलेली वाट

ही चौथी पायरी म्हणजे शास्त्रज्ञांचा निव्वळ हेका, असे कोणी म्हणेल. त्याने सी. बी. डी.ची हकिकत ऐकावी. १९४० मध्ये ते वेगळे झाले, १९६३ मध्ये रचना कळली. १९८० मध्ये ब्राझीलमध्ये अपस्माराच्या पंधरा रोग्यांवर ते तपासले गेले. ज्या आठांना ते मिळाले त्यांपैकी चौघांचे झटके जवळजवळ थांबले. तरीही शास्त्राने 'औषध सापडले' अशी दवंडी पिटली नाही. ड्रॅव्हे नावाचा बालवयात सुरू होणारा अपस्माराचा एक क्रूर प्रकार आहे. त्या रोगाच्या १२० मुलांवर केलेली परीक्षा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सी. बी. डी. मिळालेल्या मुलांत महिन्याचे मध्यक झटके १२.४ वरून ५.९ वर आले. औषध नसलेले द्रव मिळालेल्या मुलांत १४.९ वरून १४.१. ह्या पुराव्याच्या आणि अशाच इतर परीक्षांच्या बळावर जून २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही वाटचाल आहे.

त्याच परीक्षेतील आणखी एक आकडा आम्ही मुद्दाम सांगतो. झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले अशी मुले सी. बी. डी.च्या गटात शेकडा ४३ होती; आणि नुसते द्रव घेतलेल्या गटात शेकडा २७. म्हणजे औषधाचा थेंबही पोटात गेला नसता चारांतल्या एका मुलाला गुण आला! रोगाचा चढ-उतार, आईबापांची आशा, अधिक काळजीने होणारी देखभाल, ह्या साऱ्यांचा तो परिणाम. 'अमक्याला लागू पडले' ह्या एका वाक्यावर बाटली विकत घेणाऱ्याने हा आकडा मनात कोरून ठेवावा. आणि हेही ध्यानात ठेवावे, की त्या खऱ्या औषधानेही काही मुलांना गुंगी आली, अतिसार झाला, यकृताच्या तपासण्या बिघडल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांच्या कामातही ते ढवळाढवळ करू शकते. नशा नाही म्हणजे अपाय नाही, हे समीकरण मुलाच्या बाबतीत खोटे ठरले. आईच्या बाबतीत ते खरेच असेल असे धरून चालण्यास काही आधार नाही.

बाटलीत काय आहे?

शेवटचा मुद्दा बाजाराचा. अमेरिकेत घरपोच विकल्या जाणाऱ्या सी. बी. डी.च्या ८४ मालांची तपासणी करून तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे द्रव्य निघाले ते केवळ २६ मालांत. आणि १८ मालांत टी. एच. सी. सापडले. म्हणजे 'नशा नाही' असे वाचून विश्वासाने घेणाऱ्याच्या पोटात नशेचे द्रव्य जात होते. ओशॉनेसीच्या काळी अर्काच्या बाटलीत काय आणि किती आहे हे कळत नसे, म्हणून ते औषध मागे पडले. पावणेदोनशे वर्षांनंतर रसायनशास्त्राने प्रत्येक द्रव्य वेगळे करून दाखविले, आणि बाजाराने पुन्हा आपल्याला त्याच अंधारात नेऊन उभे केले!

आपल्या देशातील कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा आणि चरस परवान्यावाचून बाळगणे हा गुन्हा आहे. हे द्रव्य सहसा झाडाच्या फुलोऱ्यातून काढले जाते. तेव्हा परदेशातून आलेली बाटली खिशात बाळगणाऱ्याने आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, ह्याची आधी चौकशी करावी. २०२१ मध्ये ह्या झाडाचे बी अन्न म्हणून विकण्याची नियमांनी मुभा मिळाली हे खरे. परंतु बियांचे तेल निराळे आणि फुलांचा अर्क निराळा. बियांत स्निग्धांश आणि प्रथिने असतात, कॅनाबिनॉइड नाममात्र. त्या तेलाला अर्काचे गुण चिकटविणे म्हणजे करडईच्या तेलाला केशराचे गुण चिकटविण्यासारखे आहे.

नानासाहेबांना आम्ही काय सांगितले? पहिल्या प्रश्नाला उत्तर असे दिले, की ह्या द्रव्याविषयी आशा बाळगण्यास जागा आहे, पण ती आशा संशोधकाची आहे. रोग्याने तिच्यावर पैसे लावू नयेत. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर एकाच शब्दाचे होते. नाही. शिवाय ही बाटली आपल्याकडे आली होती, ही गोष्टही डॉक्टरांपासून लपवू नये असे सांगितले. गांजाचे नाव घेण्याची लाज वाटून माणसे हे डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि खरा अपघात तेथेच होतो. नानासाहेब थोडे हिरमुसले. "म्हणजे गुडघे दुखतच राहावयाचे," असे म्हणाले. त्यावर आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. दुखणाऱ्या माणसाला पुराव्याच्या पायऱ्या दाखविणे सोपे नसते. पण दुसऱ्या दिवशी ते बाटली घेऊन आपल्या डॉक्टरांकडे गेले, ही समाधानाची गोष्ट.

पातेल्याच्या तळाशी उरलेल्या त्या पळीभर दुधाकडे साठ वर्षे कोणी पाहिले नाही. आता पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांतले काही प्रयोगशाळेत आहेत आणि काही दुकानात. ओशॉनेसीने कलकत्त्यात रोग्याच्या तोंडी अर्क घालण्यापूर्वी तो आधी प्राण्यांना देऊन पाहिला होता. ज्या भूमीत ह्या झाडाची अशी पहिली पद्धतशीर परीक्षा झाली, त्या भूमीतील नागरिकांनी तरी बाटलीवरची यादी वाचून भुलू नये, आणि गांजाचे नाव ऐकून नाकही मुरडू नये. कोणी असे द्रव्य पुढे केले तर एवढेच विचारावे : ते कोणाला दिले, किती दिले, आणि न दिलेल्यांचे काय झाले? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बूच बंद ठेवावे.